उजव्या बैलाची फिर्याद

मी पोलीस चौकीची पायरी चढले ती एका बैलासाठी. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत बापडी. त्या वेळी गल्लीत कुणी हसलं नव्हतं, सगळ्यांनी मला सरळ वेड्यात काढलं होतं.

आमचं आडतीचं दुकान होतं. ज्वारी, शेंगा आणि गूळ. खाली दुकान आणि वर घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आल्या दिवसापासून चूल माझी, किल्ल्या माझ्या आणि बोलणंही माझंच. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. पहाटे उठून अंघोळ, कपाळाला विभूती, हातातल्या लिंगाची पूजा आणि मग कुणी कितीही घाई केली तरी भिंतीवरच्या नंदीला, म्हणजे आमच्या बसवण्णाला, फूल वाहिल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढायचं नाही, असा त्यांचा नेम. आमचे हे वडिलांपुढे तोंड उघडत नसत आणि माझ्यापुढे त्यांना उघडायची संधी मिळत नसे. खरेदीच्या निमित्तानं ते महिन्यातले बरेच दिवस खेडोपाडी फिरत, आणि मला वाटतं ते तिकडेच सुखात असत.

माझं माहेर अक्कलकोटकडचं. चौथीपर्यंत कानडी शाळेत गेले. मराठी वाचायला सासरी येऊन शिकले, दुकानात येणाऱ्या वर्तमानपत्रावर. मामा ते दुपारी वाचून टाकत, मग ते माझं. बाजारभावापासून ते औषधांच्या जाहिरातींपर्यंत मी सगळं वाचून काढत असे. त्यातच एकदा मी वाचलं, की मुंबईत कुणा गाडीवाल्याला जखमी घोडा जुंपल्याबद्दल पोलिसांनी धरलं आणि घोडा सोडवून नेला. असा कायदा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तो फार आवडला. निदान एक कायदा तरी असा निघाला, की ज्याचा उपयोग बायकांना आणि जनावरांना होऊ शकतो, असं मी मामांना म्हटलंही. मामा म्हणाले, "त्यात बायकांचा उपयोग काय?" मी म्हटलं, "बघू."

रेल्वेच्या मालधक्क्यावरून आमच्या दुकानात पोती आणायचं काम एका गाडीवानाकडे होतं. माणूस सांगोल्याकडचा. दुष्काळात घरची मेंढरं गेली तेव्हा बैलजोडी घेऊन सोलापुरात आला आणि आमच्याच गल्लीच्या मागं गोठा बांधून राहिला. बायको आणि दोन पोरं. दारू नाही, भांडण नाही, आमच्या पोरांना सुट्टीच्या दिवशी गाडीतून फिरवून आणायचा. बैल खिलारी, दोन्ही एकाच गोठ्यात वाढलेले. एक नेहमी उजवीकडे चालायचा आणि एक डावीकडे. त्यांना नावं होती, पण गाडीवान स्वतःसुद्धा त्यांना उजवा आणि डावा असंच म्हणायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढण आहे. भरली गाडी त्या चढणीवर आली की दुकानातल्या माणसांनी मागून रेटायचं अशी रीत होती. त्या उन्हाळ्यात दुकानात माणसं कमी होती आणि माल जास्त. मामांनी एका खेपेत जास्त पोती घालायला लावली. गाडीवान नाही म्हणाला नाही. तो कधीच कुणाला नाही म्हणत नसे, हाच त्याचा दोष होता असं मला आजही वाटतं.

चैत्र सरता सरता उजव्याचा खांदा आला. आधी नुसती सूज होती. मग जू घासून कातडं सोललं आणि पुढं त्याची जखम झाली. मी वरच्या खिडकीतून रोज बघत होते. गाडी चढणीला लागली की उजवा थांबायचा, मान खाली घालून जू टाळायला बघायचा. मग गाडीवान धुरीवरून उतरून त्याची शेपटी पिरगाळायचा आणि पराणीची आर, म्हणजे टोकाचा खिळा, मांडीत टोचायचा. उजवा कसाबसा चढ चढायचा. पोती उतरवून झाली की जुवाच्या लाकडावर ओला डाग दिसायचा, आणि माशा तर कायमच्याच.

एके दिवशी मी खाली उतरले आणि गाडीवानाला दारातच अडवलं.

"हे बघ, त्या बैलाला चार दिवस मोकळा सोड."

"वैनी, एका बैलावर गाडी चालती व्हय?" तो म्हणाला. "माल थांबत न्हाय, धक्क्यावरचा सायेब थांबत न्हाय. मी कुटं थांबू?"

"मग निदान टोचू तरी नको."

"टोचलं न्हाय तर चढत न्हाय. तुमीच सांगा काय करू ते."

उलट मलाच विचारतो म्हणून मला जास्तच राग आला. तशीच दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या देखत मामांना म्हटलं, की रोज सकाळी भिंतीवरच्या बसवण्णाला फूल आणि दारातल्या बसवण्णाला आर, हा कुठला नेम? दुकानात बसलेल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. मामांनी मात्र वर बघितलंच नाही. "अव्वा, बैल त्याचा आहे," एवढंच म्हणाले. त्यांना राग आला की ते मला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणत आणि फार माया आली तरी अव्वाच म्हणत. मला फरक कळायचा.

आता इथं एक सांगायला हवं. सोलापुरात मार्शल लॉ होऊन फार काळ लोटला नव्हता. गोळीबार झाला होता, माणसं फासावर गेली होती, घराघरात कुणी ना कुणी मार खाल्ला होता. चौकीच्या रस्त्यानं जायची वेळ आली तर लोक समोरच्या बाजूनं जात. आपणहून पोलिसात जाणं म्हणजे सरकारला सामील होणं, अशी लोकांची समजूत होती आणि ती काही चुकीची नव्हती. मलाही सरकारबद्दल प्रेम नव्हतं. पण खिडकीतून तो बैल दिसायचा, आणि मला जेवण जाईना.

एके दुपारी मामा जरा आडवे झाले होते, पोरं झोपली होती. मी डोक्यावरून पदर घेतला, मोलकरणीला घर सांभाळायला सांगितलं आणि चौकीत गेले.

हवालदार टेबलाशी पान लावत बसला होता. जेऊरकडचा होता, हे मागाहून कळलं. बाईमाणूस एकटं आलेलं बघून त्यानं पानाचा डबा बाजूला सारला, टाक उचलला आणि आवाज खाली आणला.

"बसा की. कोन मारतंय?"

"रोज मारतो," मी म्हटलं.

"दारू पिऊन?"

"दारू पीत नाही. शुद्धीत मारतो, तेच तर."

"कवापासनं?"

"चैत्रापासनं. आधी टोचतो, मग शेपटी पिरगाळतो."

हवालदारानं हातातला टाक दौतीवर ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कायदा आहे म्हणून सांगितलं, वर्तमानपत्रात वाचलं तेही सांगितलं. तो मधूनमधून मान हलवत होता, पण लिहीत काहीच नव्हता.

"वैनी," शेवटी तो म्हणाला, "हितं माणसांच्या तक्रारी घ्यायला येळ पुरत न्हाय."

"माणूस बोलू तरी शकतं."

"लई बोलतंय," तो म्हणाला. मग पानाचा डबा परत जवळ ओढला. "बरं. कायदा हाय, ते खरं हाय. पन मला जखम डोळ्यानं दिसाय पायजे. पंचांना दिसाय पायजे. नुसतं तुमच्या सांगण्यावर बैल आनता येत न्हाय. येतो मी एक-दोन दिसात."

मी घरी आले तेव्हा गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. मामा सोप्यावर बसले होते. संध्याकाळी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही, त्यावरून समजायचं ते मी समजले.

दुसऱ्या दिवशी खांदमळणी होती. ज्येष्ठी पौर्णिमेच्या बेंदराला आमच्याकडे कारहुणवी म्हणतात, आणि तिच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यावरचं जू उतरतं. त्यांना धुऊन काढायचं, खांद्याला तूप आणि हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. गाडीवान मूळचा आमच्या रीतीतला नव्हता, त्यांचा बेंदूर आषाढात. पण आमच्या गल्लीत राहतो म्हणून तो आमची कारहुणवी पाळायचा. ज्या घरचा माल बैल ओढतात त्या घरच्या बाईनं खांदमळणीला हळद आणि तूप पाठवायचं, अशी पद्धत होती. मी दरवर्षी पाठवत असे. त्या वर्षीही पाठवलं. उलट वाटी मोठी घेतली आणि तूप काठोकाठ भरलं. दुखऱ्या खांद्याला तेवढाच थंडावा मिळेल, असं मला वाटलं. वाटी पाठवून मी कणीक तिंबायला बसले आणि मला फार बरं वाटत होतं.

कारहुणवीच्या दिवशी गल्लीत पताका लागल्या. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झुली. दुपारी गाडीवान आपली जोडी घेऊन आमच्या दारात आला. बायकोनं नवं लुगडं नेसलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. मी ताट घेऊन पायरीवर उभी होते, ताटात होळगी, म्हणजे पुरणपोळी, आणि हातात कोमट पाण्याचा तांब्या. मामा धूतवस्त्र नेसून माझ्या मागं उभे होते.

आणि नेमका त्याच वेळी हवालदार आला.

तो पूर्ण पोशाखात होता. बाया बाजूला सरल्या. एक-दोन पुरुष सरळ घरात गेले. गाडीवानाच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यानं कासरा सोडला नाही. हवालदार उजव्या बैलापाशी गेला. त्यानं आधी काय केलं असेल तर डोक्यावरची टोपी काढली, बैलाच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. शेतकऱ्याचं पोर होतं ते, दुसरं काय करणार? मग त्यानं झूल थोडी वर केली आणि खांदा बघितला.

खांद्यावर हळदीचा जाड लेप होता. पिवळाधमक. माझं तूप, माझी हळद. गाडीवानानं कसलीही कुचराई केली नव्हती, बोटाच्या पेराएवढा थर चढवला होता. त्याखाली जखम आहे की वशिंड आहे, कुणाला काही कळायचा मार्ग नव्हता.

हवालदार माझ्याकडे वळला. "वैनी," तो अगदी समजुतीनं म्हणाला, "जनावराला तुपात न्हाऊ घालतोय बिचारा. ह्येला छळ म्हनू?"

बायांमध्ये कुणीतरी हसलं. मामांनी मागून हळूच म्हटलं, "अव्वा, पूजा कर आणि आत चल." तो रागातला अव्वा होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात जास्त राग मला त्या तुपाच्या वाटीचा आला. जन्मभर जे शहाणपणाचं म्हणून शिकले, जे न चुकता केलं, त्यानंच त्या मुक्या जनावराची जखम झाकली होती. हवालदार उद्या येणार नव्हता. परवा परत जू चढणार होतं. आणि उजव्यानं माझ्याकडे बघून मान पुढं केली, कारण माझ्या हातात होळगी होती आणि त्याला तिचा वास आला होता.

कारहुणवीला बैलाच्या खांद्याची हळद धुवायची नसते. ती आपोआप झडेपर्यंत ठेवायची असते. हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. तांब्यातलं पाणी खुरांवर घालायचं असतं.

मी ताट पायरीवर ठेवलं, खाली उतरले आणि तांब्या उजव्याच्या खांद्यावर रिता केला. मग पदराचं टोक घेऊन वरचा थर पुसून काढला.

बैलाचं सगळं अंग थरथरलं, पण तो जागचा हलला नाही. आधी पिवळं पाणी आलं, मग तांबूस, आणि मग त्यात पू आला. तळहाताएवढी जखम होती. मधलं मांस उघडं पडलं होतं आणि कडेला किडे वळवळत होते. जवळच्या बाईनं तोंडाला पदर लावला. माझ्या नव्या इरकलीच्या पदरावर जो डाग पडला तो नंतर कधी गेला नाही, आणि ते लुगडं मी नंतर कधी नेसलेही नाही.

"दिसली?" मी हवालदाराला विचारलं.

हवालदारानं टोपी परत डोक्यावर घातली आणि खिशातून कागद काढला. "दिसली," तो म्हणाला. "पंच कोन?"

बघता बघता गल्ली मोकळी झाली. कुणाला चूल आठवली, कुणाला पाहुणे. पोलिसांच्या कागदावर नाव द्यायला त्या दिवसांत कोण तयार होणार? मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी दिला होता, आणि मोठ्यानं दिला होता. सणाला होळगी घालण्यापुरतेच बैल तुमचे बसवण्णा, असं काहीबाही मी बोलले. शेवटी दारात राहिलो आम्ही चौघंच, हवालदार, गाडीवान आणि त्याची बायको आणि मी. आणि मामा.

मामा जखमेकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. ते पुढं आले. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवली, म्हणजे ती जखमेला लागायला नको. मग हवालदाराला म्हणाले,

"माझं नाव लिहा. पोती माझी होती, तेही लिहा."

हवालदारानं त्यांच्याकडे बघितलं. "ते लिवायची गरज न्हाय, शेटजी."

"मला गरज आहे," मामा म्हणाले.

उजव्याला पांजरपोळात नेलं. गाडीवान कासरा धरून स्वतःच पोचवायला गेला. पुढं कोर्टात त्याला समज मिळाली आणि जखम पुरती भरेपर्यंत बैल पांजरपोळातच ठेवायचा हुकूम झाला. मामांनाही कोर्टातल्या साहेबानं दोन शब्द सुनावले. घरी येऊन त्यांनी ते मला जसेच्या तसे सांगितले आणि वर म्हणाले, "बोलला ते बरोबर बोलला." मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडेच आले.

त्यानंतर गाडीवानांनी आमचा माल उचलायचं बंद केलं. सगळ्यांनी मिळून. आमच्या पोत्यांसाठी मामांनी लांबून गाड्या आणवल्या, आणि गाडीत किती भरायचं हे ते स्वतः उभं राहून बघू लागले. गल्लीत माझ्याशी बोलणं कमी झालं. पाणवठ्यावर मी गेले की बाया घागरी उचलत. त्याचं मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण खिडकीशी बसून जेवता यायला लागलं होतं, तेवढं पुरे होतं.

मी उजव्याला बघायला गेले. पांजरपोळात त्याला रोज धुऊन औषध लावत होते. किडे गेले होते, जखमेला खपली धरत होती. मला वाटलं होतं तो आतापर्यंत चांगला भरला असेल. पण बरगड्या दिसत होत्या. पुढ्यातला कडबा तसाच पडला होता.

"खात न्हाय," तिथला राखणदार म्हणाला. "जोडीतला हाय ना. दिवस मावळला की रस्त्याकडं तोंड करून हंबरतोय. आमाला झोप न्हाय."

मी त्याच्या तोंडापुढं गूळ धरला. त्यानं तो खाल्ला, माझ्यावर उपकार केल्यासारखा, आणि परत रस्त्याकडे वळला. डाव्याचा विचार मी आजवर केलाच नव्हता. त्याच्या खांद्याला काही झालं नव्हतं ना, म्हणून.

पुढच्याच आठवड्यात सात रस्त्यावर मला गाडीवान दिसला. दुसऱ्याच कुणा व्यापाऱ्याची पोती होती. डाव्याच्या जोडीला त्यानं कुणाचा तरी काळा बैल मागून आणला होता. काळा डाव्यापेक्षा हातभर उंच, तरणा आणि अंगानं दांडगा. जू एका बाजूला कललेलं, आणि सगळा भार ठेंगण्या डाव्याच्या मानेवर. गाडीवान धुरीवर बसला नव्हता, बाजूनं पायी चालत होता. हातात पराणी नव्हती. डाव्याच्या खांद्यावर त्यानं फडकं गुंडाळलं होतं. त्या फडक्याला डाग होता.

त्यानं मला बघितलं आणि मान फिरवली. मीही त्याला हाक मारली नाही.

घरी येऊन मी मामांना सांगितलं. मामांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "आता गेलीस तर त्याची चूल विझेल. नाही गेलीस तर बैल जाईल. काय करायचं ते तू ठरव. मी पंच म्हणून येईन." मला तर वाटत होतं, त्यांनी मला अडवावं, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं. ते दोन-तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पोरांना विनाकारण मारलं. एका खिडकीतून गाडीवानाची दोन पोरं मागच्या गोठ्यापाशी खेळताना दिसायची, आणि दुसऱ्या खिडकीतून रस्ता दिसायचा. मी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.

आणि मग चौकीतून शिपाई आला. हवालदारानं बोलावलंय म्हणाला.

मी मनात म्हटलं, आता माझ्याच विरुद्ध कुणीतरी काहीतरी लिहून दिलं असणार. मामा म्हणाले मी येतो, पण मी एकटीच निघाले. चौकीच्या दारातल्या लिंबाखाली डावा बांधलेला होता. फडकं काढलेलं होतं. तूप नाही, हळद नाही, जखम उघडी. आत गाडीवान जमिनीवर उकिडवा बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

"वैनी, बलावनं मीच धाडाय लावलं," तो म्हणाला. "पंच लागतोय म्हनं. दुसरं कोन येनार?"

"कशाला पंच?"

तो माझ्याकडे न बघता, दारातून डाव्याकडे बघत बोलला. "परका बैल उंच हाय. समदा भार ह्येच्यावर येतोय. रोज सकाळी उठून म्हनतो, आज न्हाय जुंपायचा. आन रोज जुंपतो. पोरांकडं बगितलं की हात आपसूक कासऱ्याकडं जातोय. माज्यानं ह्येचं जू उतरत न्हाय, वैनी. तुमी सरकारी कायद्यानं उतरवा. त्यो तितं हंबरतोय, ह्यो हितं हंबरतोय. दोगं एका जागी तरी ऱ्हातील. मी गिरनीत बदली कामगार म्हनून उबा ऱ्हातो."

"अरे, मग घरीच बांधून ठेव की," हवालदार वैतागून म्हणाला. हे तो आधीही पुष्कळदा बोलला असणार. "हितं कशाला घिऊन आलास?"

"घरी ठिवला तर उद्या जुंपीन," गाडीवान म्हणाला. "मला ठावं हाय की मी जुंपीन."

हवालदारानं कागद पुढं ओढला, टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून राहिला.

"फिर्यादी कोन लिवू?"

"मीच."

"आन फिर्याद कुनाविरुद्ध?"

"माज्याविरुद्धच की."

हवालदारानं टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. हिनं तरी ह्याला काही शहाणपणा सांगावा, असं त्याच्या तोंडावर होतं. मी टेबलावरचा टाक उचलून त्याच्या हातात परत दिला.

"तो सांगतोय तसंच लिहा," मी म्हटलं.